पेंडीतील बुरशी आणि व्यापाऱ्याचे उत्तरदायित्व

भिजून बुरसलेली पेंड ऊन दाखवून, चांगल्या पेंडीत मिसळून खपवावी, ही रीत बाजारात नवी नाही. माप पुरे भरले, भावात लबाडी केली नाही, म्हणजे व्यवहार चोख झाला, असे आपण मानतो. पेंडीच्या बाबतीत ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच महिन्यांत मृत्युमुखी पडले. कारण उमगेना, म्हणून त्या रोगास ‘टर्की एक्स’ हे नाव पडले. शोधाअंती दोष निघाला तो ब्राझिलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीने तीत विष निर्माण केले होते. त्यालाच पुढे अ‍ॅफ्लाटॉक्सिन म्हणू लागले.

हे विष दिसत नाही. वरची बुरशी झटकली तरी ते उरते. शिजविल्यानेही पुरते नष्ट होत नाही. दाण्यातून तेल निघते, परंतु विषाचा बहुतेक अंश पेंडीतच राहतो. त्याने जनावराचे यकृत बिघडते, खाणे मंदावते, दूध घटते. वासरे, कोंबड्या व बदके विशेष लवकर बळी पडतात. गाय-म्हैस तगली, तरी त्या विषाचे एक रूप तिच्या दुधात उतरते आणि उकळूनही जात नाही. २०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासविले; त्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ह्या मर्यादेहून अधिक आढळले. म्हणजे गोठ्यातील विष घरातल्या बालकाच्या पेल्यापर्यंत पोहोचते.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने ओला माल आणला, गिरणीवाल्याने तो तसाच गाळला. मधल्या दुकानदाराचा काय अपराध? अपराध हा, की गोदाम आपले असते आणि मिसळण्याचा निर्णयही आपलाच असतो. शिवाय हे विष मालात सारखे पसरलेले नसते. एका पोत्यात मुळीच नसेल, शेजारच्या पोत्यात भरपूर असेल. म्हणून मूठभर वानगी पाहून दिलेली ग्वाही व्यर्थ होय.

उपाय अवघड नाहीत. दाण्यातील ओलावा सुमारे ८ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. भिजलेला माल वेगळा काढावा व पशुखाद्यात मुळीच जाऊ देऊ नये. अनेक पोत्यांतून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवावा. एकट्या दुकानदारास हा खर्च जड वाटेल. संघाने ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊन तपासणीची सामाईक व्यवस्था केल्यास तो सहज पेलेल.

नुकसान होईल, हे खरे. परंतु एका हाताने पांजरपोळास देणगी द्यावी आणि दुसऱ्या हाताने मुक्या जनावरांपुढे विष ठेवावे, हा जमाखर्च कोणत्याही वहीत जुळणारा नाही.