उभ्याने प्रवास, बसून नोकरी

सकाळच्या विरार लोकलमध्ये नालासोपारा किंवा वसई रोड स्थानकावर चढणारा कारकून अंधेरी-दादरपर्यंत, अनेकदा थेट चर्चगेटपर्यंत, उभ्यानेच जातो. तास-सव्वा तास तो उभा असतो. पण त्या अवधीत पाऊल उचलणे दूरच, दोन्ही पाय नीट टेकावयास जागा मिळाली तरी तो स्वतःला भाग्यवान समजतो. कार्यालयात पोहोचल्यावर तो खुर्चीवर बसतो, तो जवळजवळ सायंकाळीच उठतो. परतीच्या गाडीत पुन्हा उभा. जेथे घटकाभर बसावयास मिळाले तर बरे, तेथे त्याला उभे राहावे लागते आणि जेथे अधूनमधून उठण्यात त्याचे हित आहे, तेथे त्याने बसून राहावे अशी अपेक्षा असते. वर्षे सरतात तसा त्याच्या कमरेचा पट्टा एकेक भोक पुढे सरकत जातो. मग त्याला सल्ला मिळतो, 'रोज सकाळी तासभर फिरावयास जात जा.' हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. तो वसई-विरारच्या घड्याळाच्या दृष्टीने चुकीचा आहे.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरचे. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तेव्हा कामाची वेळ सकाळी ९-४५ ते सायंकाळी ६-१५ अशी ठरविण्यात आली आणि जेवणासाठी जास्तीत जास्त अर्धा तास देण्यात आला. ही वेळ पाळावयाची तर विरारच्या माणसाला साडेसातच्या आत घर सोडावे लागते आणि परतून घराची कडी वाजविण्यास रात्रीचे साडेआठ होतात. तेरा तास नोकरी व प्रवासाचे, सात तास झोपेचे. उरलेल्या चार तासांत स्नान, जेवण, बाजारहाट, मुलांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला हे चार तासही स्वयंपाकघरात येतात. खासगी नोकरांची स्थिती याहून बरी नाही; खासगी आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. दुर्मीळ साधनांचा विनियोग हा अर्थशास्त्राचा विषय मानला, तर या माणसापाशी सर्वांत दुर्मीळ साधन पैसा नसून वेळ आहे. ज्याच्यापाशी ते साधन नाही, त्याला ते खर्च करण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच होय. त्याला हालचाल करावयाची असेल तर ती कामाच्या तासांतच करता आली पाहिजे.

वाडीपासून खुर्चीपर्यंत

या भागात बैठे काम फार जुने नाही. विरार आणि मुंबईचे बॅकबे यांच्या दरम्यान दररोज एक गाडी धावू लागली ती १८६७ साली. तरीही त्यानंतर अनेक दशके वसई ही वाड्यांची वसई राहिली. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांत काम करणाऱ्यांना विहिरीवरचा रहाट, डोक्यावरची पाटी आणि बाजारची पायपीट यांतून सुटका नव्हती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्यांनाही शरीर हलविण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही; त्या कष्टांत दारिद्र्य होते, अकाली वार्धक्य होते आणि मुलांनी तरी खुर्चीवर बसावे या आकांक्षेनेच त्या पिढीने मुलांना शाळेत धाडले. ती आकांक्षा सफल झाली. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. आता ज्या खुर्चीसाठी इतका आटापिटा केला तिचे भाडे शरीराकडून वसूल होऊ लागले आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही वसुली केवळ वसईपुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशातील प्रौढ स्त्रियांत २०.६ टक्के व पुरुषांत १८.९ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे २४ व २२.९ टक्क्यांवर गेले. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने २०२२ मधील निम्म्याजवळ भारतीय प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी ठरविली. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपल्याकडे म्हणतात. वजनाचे तसे नाही. ते येतेही मुंगीच्याच पावलांनी, आणि म्हणून त्याच्या येण्याची चाहूल लागत नाही.

शास्त्र काय सांगते?

कामाच्या जागी बसणे व हिंडणे यांतील फरक प्रथम नेमकेपणाने दाखविला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५३ साली असे आढळले की, दुमजली बसचे जिने दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा स्टिअरिंगमागे बसलेल्या चालकांत हृदयविकार अधिक होता. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेत अधिक रुंद निघाल्या. त्याच १९५६ साली पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील कामगारांचा अभ्यास ज्याँ मेयर, पूर्णिमा रॉय व कामाख्याप्रसाद मित्र यांनी प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष आपल्या कारकुनाला अधिक जवळचा आहे. हलक्यापासून अवजड कामापर्यंत श्रम वाढले तसा आहार वाढला, वजन मात्र जवळपास तेवढेच राहिले. परंतु अगदी बैठे काम करणाऱ्यांची भूक श्रमांबरोबर कमी झाली नव्हती; त्यांचा आहार उलट वाढलेला होता आणि वजनही. याचा अर्थ, माणूस हालचालीच्या एका किमान पातळीखाली गेला की शरीराचा जमाखर्च बिघडतो. खर्च घटतो, जमा घटत नाही.

मग नुसते उभे राहिले तर हा हिशेब जुळेल काय? येथे उतावीळ होऊन चालणार नाही. उभे राहून काम करण्याची उंच मेजे अलीकडे पुष्कळ खपतात. तथापि ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेण्यात आला, तेव्हा बसण्यापेक्षा उभे राहण्यात मिनिटाला अवघे ०.१५ उष्मांक अधिक खर्च होतात असे दिसले. सहा तास उभे राहिले तर ५४ उष्मांक, म्हणजे साधारण अर्धी पोळी. शिवाय ब्रिटनमधील ८३ हजार प्रौढांच्या हालचालींची यंत्राने नोंद घेऊन केलेल्या २०२४ च्या अभ्यासात दीर्घकाळ उभे राहण्याने हृदयविकार टळत नाही, उलट पायांच्या शिरा फुगण्यासारखे विकार बळावतात असे आढळले. याउलट अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन यांनी २००५ साली सडपातळ व स्थूल अशा २० जणांच्या दिनक्रमाची बारकाईने तुलना केली. स्थूल माणसे दिवसाकाठी सुमारे दोन तास अधिक बसून होती. त्यांनी सडपातळ माणसांप्रमाणे उठबस व चालणे ठेवले असते तर रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक खर्च झाले असते. यात व्यायामशाळा कोठेच नव्हती. उठणे, चार पावले जाणे, पुन्हा येणे, एवढेच होते. वीस माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरे. परंतु दिशा स्पष्ट आहे. गुण उभे राहण्यात नाही, तो उठण्यात आणि चालण्यात आहे. विरार लोकलमधील उभे राहणे वजनाच्या खात्यात का जमा होत नाही, याचे उत्तरही येथेच मिळते.

'आपण तर किडकिडीत आहोत, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण लक्षात ठेवावे. ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह त्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर काट्यावर हलके दिसूनही आत चरबी साठवून असते. वजनकाट्याने अभय दिले म्हणून खुर्चीला चिकटून बसण्याची मोकळीक मिळत नाही.

उठण्याची परवानगी

कायद्याने या प्रश्नाची एकच बाजू आजवर पाहिली. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम घालण्यात आले ते उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसण्याची सोय मिळावी म्हणून. कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर उभे ठेवल्या जाणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी केरळमध्ये लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तेथे दुकानांतही बसण्याचा हक्क मान्य झाला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तो मार्ग अनुसरला. हे योग्यच झाले. परंतु ज्याला दिवसभर बसवून ठेवले जाते त्याच्या उठण्याची चिंता कोणी केली नाही. वस्तुतः दोन्ही हक्क एकच आहेत. आपल्या शरीराची स्थिती बदलण्याची मुभा, हाच तो हक्क. गोखिवरे-वालीवच्या कारखान्यात यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगाराला तो स्टुलाच्या रूपाने हवा आहे, कारकुनाला तो चार पावलांच्या रूपाने हवा आहे. शिक्षकाला दोन्ही रूपांनी हवा आहे. कारण वर्गात बसणे अनेक शाळांत अजूनही कामचुकारपणाचे लक्षण मानले जाते आणि उत्तरपत्रिका तपासताना तोच शिक्षक तीन-तीन तास मान वर करीत नाही.

अडचण मेजाखुर्चीची नाही, मानापमानाची आहे. आपल्या कार्यालयांत बसून राहणे हे दर्जाचे लक्षण मानले गेले. साहेबाने घंटा वाजवावी, शिपायाने फाइल न्यावी, मुलाने चहा आणावा. जो जितका मोठा, त्याचे पाय तितके स्थिर. पूर्वी निदान फाइल तरी या मेजावरून त्या मेजावर चालत असे. ई-ऑफिस आल्यापासून तीही बसली. उलटपक्षी, जागेवरून उठलेला कनिष्ठ नोकर म्हणजे काम टाळणारा, हा समज कायम आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये कार्यालयांत पाच मिनिटांच्या योगविरामाचा पुरस्कार केला. कल्पना चांगली होती. पण परिपत्रकाने माणूस उठत नाही, शेजारच्या खोलीतला साहेब उठला तर तो उठतो.

कामाचे नुकसान होईल, ही हरकत घेतली जाईल. तासाला पाच मिनिटे म्हणजे आठ तासांत चाळीस मिनिटे. हा आकडा क्षुल्लक नाही आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण आज ती चाळीस मिनिटे खरोखर कामी लागतात काय? दुपारी तीननंतर पेंगुळलेल्या डोळ्यांनी केलेल्या बेरजा दुसऱ्या दिवशी पुन्हा कराव्या लागतात, हे कोणताही हिशेबनीस सांगेल. शिवाय काही चालणे कामातच सामावता येते. दूरध्वनीवर उभ्याने बोलावे; शेजारच्या विभागाला संदेश पाठविण्याऐवजी तेथे जावे; छपाईचे यंत्र व पाण्याचे पिंप हाताशी न ठेवता दालनाच्या टोकाला ठेवावे; मोडक्या कपाटांनी अडविलेले जिने मोकळे व उजेडाचे करावेत. खिडकीवर रांग असताना रोखपालाला उठता येणार नाही; तेथे दोघांनी आळीपाळीने काम करण्याची व्यवस्था हवी. महाविद्यालयांत दोन तासिकांमधील पाच मिनिटे खरोखर मोकळी सोडली, तर उद्याचे कारकून आजच ती सवय घेऊन बाहेर पडतील. ज्यांचे गुडघे वा प्रकृती साथ देत नाही, त्यांच्यावर यातील कशाचीही सक्ती नको. मुभेची सक्ती झाली की ती मुभा राहत नाही.

याने आहाराचा प्रश्न सुटत नाही, हेही स्पष्ट असावे. साचलेली चरबी झपाट्याने उतरविण्याचा हा उपाय नव्हे. वाढ रोखण्याचा, आहे ते वजन राखण्याचा तो मार्ग आहे. पण त्याच्या अभावाची किंमत कोण मोजतो, हे पाहावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांच्या गोळ्या, तपासण्या आणि बुडालेले दिवस आस्थापनेच्या ताळेबंदात कोठेही दिसत नाहीत. ते घरखर्चाच्या वहीत दिसतात. बैठ्या कामाचा लाभ एकाच्या खाती आणि तोटा दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. असा व्यवहार नोकराच्या इच्छाशक्तीवर सोडून देणे सोयीचे असेल, न्याय्य नव्हे.

विरारच्या गाडीतील गर्दी केव्हा ओसरेल हे सांगणे कठीण आहे. त्यासाठी रूळ हवेत, डबे हवेत, कोट्यवधी रुपये हवेत. खुर्चीवरून उठण्याच्या परवानगीला यांतले काहीच लागत नाही. ती उद्या सकाळी पावणेदहालाही देता येईल.