सोसण्याची सक्ती कशासाठी?

न्हाणीघरात पाय घसरून आजी पडल्या आणि खुब्यापाशी हाड मोडले, ही वार्ता आपल्या कुटुंबांना अपरिचित नाही. पुढचा क्रमही ठरलेला असतो. रुग्णवाहिका, अपघात विभाग, क्ष-किरण चित्रण आणि मग शस्त्रक्रियेची प्रतीक्षा. तपासण्या, रक्ताची सोय, पैशांची जुळवाजुळव यांत एक-दोन दिवस सहज जातात. या काळात टेबलावर उचलून ठेवताना, बेडपॅन सरकवताना त्या वृद्धेला ज्या यातना होतात, त्यांची दखल कोण घेतो? ‘थोडे सहन करा, उद्या ऑपरेशन आहे’ एवढे म्हटले की आपले कर्तव्य संपते. सोसणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. परंतु स्वेच्छेने केलेले तप आणि लादलेली वेदना यांत महदंतर आहे.

ही वेदना टाळता येते. जांघेच्या किंचित बाहेरच्या बाजूस सुईने बधिरतेचे औषध स्नायूवरील पडद्याखाली सोडले की ते पसरत मांडीच्या नसांपर्यंत पोहोचते. साधारण अर्ध्या तासात उतार पडतो आणि तो कित्येक तास टिकतो. रुग्ण पूर्ण शुद्धीवर राहतो, हे विशेष. फ्रान्समधील डॅलेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ही पद्धत लहान मुलांसाठी वर्णिली. आज तिचा मोठा लाभ वृद्धांना होतो आहे. मॉर्फिनने वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो, श्वास मंदावू शकतो. शिवाय २०१४ साली कायद्यातील अटी सैल होऊनही अनेक लहान रुग्णालयांत ते मिळत नाही.

सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई अधिक अचूक जाते. मात्र गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी झालेल्या १९९४ च्या कायद्यामुळे या यंत्राच्या नोंदणीचे व वापराचे नियम कडक आहेत. ते असावेतच, त्यात तडजोड नको. परंतु यंत्र नाही म्हणून हात बांधून बसण्याचेही कारण नाही. हाडांच्या खुणा मोजून, पडदे भेदल्याचे दोन हलके झटके बोटांना जाणवताच औषध सोडण्याची जुनी रीत उपलब्ध आहे.

अर्थात हे कोणीही करावे असे काम नव्हे. औषधाची मात्रा वजनानुसार काटेकोर हवी. ते चुकून रक्तात गेल्यास झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकते. म्हणून लिपिड इमल्शनची बाटली हाताशी असावीच लागते. गुडघ्याखालचे हाड मोडून पोटरी ताठरली असेल, तर बधिरतेमुळे धोक्याची सूचना झाकली जाण्याची भीती असते. तेथे अस्थिरोगतज्ज्ञाला विचारल्याविना सुई उचलू नये. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी खुब्याच्या अस्थिभंगासाठी या उपायाची शिफारस करतानाच बजावले होते की, लवकर शस्त्रक्रियेला हा पर्याय नाही. वेदना थांबली म्हणून शस्त्रक्रिया लांबवण्याचा मोह आपल्याकडेही होईल.

अडचण औषधाची नाही, ते स्वस्त आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात गुंतलेला आणि अपघात विभागातील तरुण डॉक्टरला हे कोणी शिकवलेले नाही, ही खरी अडचण. विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांनी आपल्या भूलतज्ज्ञांकडून या डॉक्टरांचे प्रशिक्षण करून घ्यावे. आणि नातेवाइकांनी रुग्णाला दाखल करतानाच विचारावे, ‘नस बधिर करण्याची सोय येथे आहे का?’