तीन चित्रपट, एक खोरे : साडी नेसलेल्या पुरुषाला मान कोण देतो?

१/ २००९ ते २०११ या अवघ्या तीन वर्षांत मराठीत तीन संगीतप्रधान चित्रपट आले : ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’. तिन्हींचा नायक साडी नेसलेला पुरुष आहे. तिन्हींची मुळे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात आहेत. तरीही या तिघांना एका ओळीत बसवून कोणी पाहत नाही. ते का, हा या धाग्याचा विषय.

२/ आधी भूगोल. आजचा सांगली जिल्हा पूर्वी बव्हंशी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या परगण्याचा कलेतिहास वाचताना सातारा आणि सांगली यांच्यात आजची सीमारेषा ओढून चालत नाही.

३/ १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगवले. मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मोजला जातो. त्या सीतेच्या वेषात पुरुषच होता. म्हणजे आपल्या नाटकाचा पहिला दिवसच स्त्रीवेषधारी पुरुषाचा आहे. तो अपवाद नव्हता. पुढे कित्येक दशके तोच नियम होता.

४/ या नियमाला कळस चढवला नारायण श्रीपाद राजहंस यांनी. पलूस तालुक्यातील नागठाणे हे आज त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये ते मिरजेच्या रंगमंचावर शकुंतला म्हणून उभे राहिले. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिल्याचे सर्वश्रुत आहे.

५/ पुढची कीर्ती विलक्षण होती. ‘मानापमान’मधील भामिनी, ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’तील सिंधू. त्यांची नऊवारी, त्यांचा केशसंभार, त्यांचे दागिने यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. एका पुरुषाने स्त्रियांना ‘स्त्री कशी दिसते’ हे शिकवावे आणि समाजाने ते आनंदाने शिकावे, ही लहान घटना नव्हे.

६/ आता त्याच खोऱ्यातील दुसरा रंगमंच. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. ते पुढे शाहीर पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण घरातून तमाशात गेल्याची आणि महार समाजातील पवळेची साथ धरल्याची किंमत त्यांना स्वजनांच्या बहिष्काराने मोजावी लागली. नाटक मंडळीत गेलेल्या राजहंसांच्या वाट्याला गौरव आला, फडात गेलेल्या कुलकर्ण्यांच्या वाट्याला बहिष्कार.

७/ तमाशातही पुरुष स्त्रीवेष घेत. कोवळ्या वयाचा ‘नाच्या पोऱ्या’ हा फडाचा जुना आधार होता. गौळणीतली मावशी तर आजही डोक्यावर पदर घेतलेला पुरुषच असतो. वेष तोच, लुगडे तेच. पण बालगंधर्वांच्या पदराला ‘अभिजात’ म्हटले गेले आणि नाच्याच्या पदराला शिवी मिळाली.

८/ रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ (आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारित) नेमका इथे बोट ठेवतो. पीळदार शरीराच्या गुणाला फडात राजा व्हायचे असते. नाच्या मिळत नाही, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. टाळ्या मिळतात, आणि त्या टाळ्यांच्या पाठोपाठ संसाराची राख होते. कीर्ती आणि अपमान त्याला एकाच रात्री, एकाच गर्दीकडून मिळतात.

९/ तिसरा प्रकार सर्वांत कठोर. सौंदत्तीच्या यल्लम्माची भक्ती सीमाभागात खोलवर रुजलेली आहे. सांगली जिल्ह्यात जत येथेही देवीची यात्रा भरते. या परंपरेत मुलगी देवीला सोडली तर जोगतीण, मुलगा सोडला तर जोगता. कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगावचे कथाकार चारुता सागर यांनी ‘दर्शन’ या कथेत हे जग मराठीत आणले. राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ला ही कथा आणि राजन गवस यांचे लेखन आधारभूत आहे.

१०/ ‘जोगवा’तील तायप्पाला साडी नेसायची नसते. ती त्याला नेसवली जाते. त्याने टाळ्या मागितलेल्या नसतात. त्याच्या हाती परडी दिली जाते. इथे रंगमंच नाही, म्हणून पडदाही पडत नाही.

११/ आता तिघांना शेजारी ठेवून पाहावे. बालगंधर्वांची साडी प्रयोग संपला की उतरत असे. घरी ते पती आणि पिता होते. गुणाची साडी उतरते, पण तिचा डाग उतरू दिला जात नाही. तायप्पाची साडी उतरवण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो. मान-अपमानाची उतरंड साडी नेसण्यावरून ठरत नाही. ती उतरवण्याची मुभा कोणाला आहे, यावरून ठरते. आणि ही मुभा जात, आश्रय आणि प्रेक्षकांचा वर्ग वाटून देत असतात.

१२/ राष्ट्रीय पुरस्कारांची वर्गवारीही बोलकी आहे. ‘बालगंधर्व’ला गायन आणि वेशभूषेचे पुरस्कार मिळाले. ‘जोगवा’ला अभिनय व गायनाच्या पुरस्कारांबरोबर ‘सामाजिक विषयावरील चित्रपट’ हा शिक्का मिळाला. म्हणजे एकाची साडी सौंदर्य ठरली, दुसऱ्याची समस्या. एकाच खोऱ्याचा इतिहास असा दोन कपाटांत विभागला गेला.

१३/ यावर आक्षेप येईल : बालगंधर्वांचा मान त्यांच्या गळ्याला होता, वेषाला नव्हे. गळा अलौकिक होता, यात वाद नाही. पण निव्वळ गळाच पुरेसा असता, तर १९३५ च्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झालेल्या बालगंधर्वांना रसिकांनी तितक्याच उत्कटतेने स्वीकारले असते. तसे झाले नाही. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पुन्हा स्त्रीभूमिका केली, पण तोवर वय झाकण्यासारखे उरले नव्हते. रसिकांना गंधर्वांचा सूर हवा होता, पण तो तरुण भामिनीच्या देहातून. कीर्ती देणाऱ्या डोळ्यांनी अटही घातली होती.

१४/ या कीर्तीला आणखी एक बाजू आहे. ज्या मिरजेत १९०५ मध्ये राजहंस शकुंतला झाले, त्याच मिरजेत त्याच वर्षी हिराबाई बडोदेकर जन्मल्या. पुढे हिराबाईंनी स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रीने स्त्रीभूमिका करण्याची वाट रुंद केली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’नंतर ती वाट रुळली. पुरुषाने साकारलेली ‘आदर्श स्त्री’ डोक्यावर घेणारा समाज खऱ्या स्त्रीला रंगमंचावर यायला मात्र दीर्घकाळ अडवत होता, हे गौरवगाथा लिहिताना विसरता कामा नये.

१५/ एक सावधगिरी इथे आवश्यक आहे. बालगंधर्वांवर आजच्या लिंगओळखीच्या संज्ञा चिकटवणे हा इतिहास नव्हे. स्त्रीभूमिका हा त्यांचा व्यवसाय आणि ध्यास होता; त्यावरून त्यांच्या अंतरंगाचा निवाडा करण्यास आधार नाही. पण उलट चूकही तितकीच मोठी आहे. जोगत्यांमध्ये सक्तीने सोडलेले होते, तसेच स्वतःतील स्त्रीत्वाला समाजमान्य अशी एकमेव जागा म्हणून ही वाट धरणारेही होते. ‘जोगवा’ सक्ती समर्थपणे दाखवतो. ही दुसरी माणसे त्याच्या चौकटीबाहेर राहतात. तेवढ्यापुरता तो चित्रपट अपुरा आहे.

१६/ कायदा इथे कलेच्या पुढे गेला. महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. एकाने सक्तीची साडी उतरवली, दुसऱ्याने स्वेच्छेची साडी नेसण्याला आधार दिला. दोन्ही कायद्यांचे तत्त्व एकच : ठरवणारी व्यक्ती ती स्वतः असेल, प्रेक्षक, कुटुंब किंवा देवी नव्हे.

१७/ पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत : एक पुरुषवेषातील, एक स्त्रीवेषातील. ज्याला इतकी कीर्ती लाभली, त्यालाच दोन्ही रूपांत भिंतीवर जागा मिळाली. फडातल्या नाच्याचे नावसुद्धा बहुतेक वेळा कुठे नोंदलेले नाही.

१८/ आज सातारा-सांगलीच्या गावांतून तरुण मुले लावणीचे व्हिडिओ टाकतात, आणि खालच्या प्रतिक्रियांत तीच जुनी शिवी वाचायला मिळते. त्यातलीच काही माणसे २६ जूनला बालगंधर्वांच्या जयंतीची पोस्टही अभिमानाने पुढे पाठवतात. या दोन कृतींमधली विसंगती ज्याला दिसेल, त्याला या खोऱ्याचा इतिहास कळू लागला असे म्हणावे. परंपरेचा अभिमान मिरवायचा, तर तो शकुंतलेबरोबर मावशीचा, नाच्याचा आणि जोगत्याचाही असला पाहिजे.