मायेच्या नावाखाली

आजाऱ्याच्या ताटातल्या मऊ भाताविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुधा जेवणाऱ्याने लिहिले. त्यात वाफ आहे, मेतकूट आहे, कपाळावरचा हात आहे. तांदळाला पाणी किती घालावे, हे मात्र नाही. ‘माया’ हा शब्द या लेखनाने इतका सढळपणे वापरला की त्याखाली एक सबंध विद्या झाकली गेली.

पेज ही विद्याच आहे. नवा तांदूळ चिकट शिजतो, म्हणून आजाऱ्यासाठी जुना निवडावा लागतो. किंचित भाजून घेतला तर तो पचायला हलका जातो. कण्या काढायच्या की दाणा अख्खा ठेवायचा, तूप कोणत्या दिवशी सुरू करायचे, हे ताप आणि जीभ पाहून ठरते. आयुर्वेदाने यालाच मापे दिली : मंडाला तांदळाच्या 14 पट पाणी, यवागूला 6 पट, विलेपीला 4 पट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय तर 28 यवागू सांगतो. ग्रंथात आले की ते शास्त्र. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या बोटांत राहिले की ती माया! 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे रोगी वाचवले. पुढे साखरेच्या जागी तांदळाची पिठी घालून ते द्रावण तपासले गेले आणि पटकीचे जुलाब त्याने अधिक आटोक्यात येतात असे दिसले. मिठाच्या पेजेशी त्याचे नाते कोणत्याही आजीला समजावून सांगावे लागले नसते.

प्रश्न शब्दापुरता असता तर सोडूनही देता आला असता. पण भिलाईलगतच्या हथखोजसारख्या औद्योगिक वस्तीत तो पोटावर येतो. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलादाच्या आधाराने आसपास लहानमोठे कारखाने उभे राहिले. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. शेजार छत्तीसगढी, तिथेही पेज आहे, भाताचा पसिया आहे, बस्तरकडे मडियाची पेज आहे. कोकणातला माणूस हा शब्द ऐकून चकित होईल, इतके ते आजारपण सामायिक आहे.

येथे दिवस पाळीने मोजला जातो. पेजेला मंद आच लागते आणि जवळ बसलेले माणूस लागते. (कुकरच्या शिट्ट्यांनी भात मऊ होतो; दर दोन तासांनी चार घोट पाजण्याचे काम शिट्टी करीत नाही.) कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षातून 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के भत्ता मिळतो. त्याच्या उशाशी बसणाऱ्या बायकोचा, तीही कुठे ठेक्यावर कामाला जात असेल तर, बुडालेला रोज कोणत्या खात्यात धरायचा? तिथे उत्तर ठरलेले असते : ती मायेने करते. जे मायेने होते त्याची रजा मागता येत नाही.

कोणी म्हणेल, प्रेमाचाही हिशेब मांडणार काय? प्रेम कोणी नाकारलेले नाही. पण प्रेम असणे आणि पेज येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. घरातल्या पुरुषांजवळ पहिले पुष्कळ असते, दुसरे शिकण्याची गरज त्यांना कोणी भासू दिलेली नसते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनमोबदल्याच्या घरकामात दिवसभरात हात घालणारे पुरुष शंभरात 26 निघाले आणि स्त्रिया 81.

ही उणीव उघडी पडते ती बाईच अंथरुणाला खिळली म्हणजे. नवरा रात्रपाळीहून आलेला असतो. तो मनापासून घाबरलेला असतो, मनापासून पातेले चढवतो, आणि मग दारात उभा राहून तापाने फणफणलेल्या तिलाच विचारतो, पाणी किती घालू? ती कोपरावर उठून बसते आणि बोटाचे पेर दाखवते.