जुन्या गाडीला गॅरंटी नसते, बोललेल्या शब्दाला असते

"जुनी गाडी होय भाऊ, गॅरंटी कायची मांगता?"

हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की विकणाऱ्याने ते म्हणायच्या आधीच घेणारा मान डोलावतो. एकोडी असो, साकोली असो की लाखनी, धानाचे चुकारे हाती आले की चारचाकीचा विषय घराघरांत निघतो. नवी परवडत नाही, मग जुनी. महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो किंवा इंजिन तेल प्यायला लागतं, आणि सगळे मिळून ठरवतात की नशीबच खराब.

माझ्या मते ते वाक्य अर्धंच खरं आहे. दहा वर्षं चाललेल्या गाडीची क्लचप्लेट कधी जाईल, याची हमी कुणी देऊ शकत नाही आणि आपणही ती मागू नये. पण 'एका हाताची गाडी', 'ॲक्सिडेंट नाही', 'साठ हजारच चालली' ही गॅरंटी नसते, ती माहिती असते. माहिती खोटी निघाली तर विषय नशिबाचा उरत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक कोण हे सांगताना नवी वस्तू आणि जुनी वस्तू असा भेद केलेला नाही. पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी घेतली की तुम्ही ग्राहक. पोट भरायला स्वतः चालवायची म्हणून घेतलेली गाडीही यात बसते. घेऊन पुन्हा विकायची असेल तर नाही. 'दोष' कशाला म्हणायचं, याची व्याख्या तर मला फार आवडली. कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जात कमतरता असेल तर तो दोष आहेच, पण व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यात कमतरता असेल तर तोही दोष. कोणत्याही प्रकारे म्हणजे चहा पाजताना तोंडी केलेला दावासुद्धा आला. बिल किंवा पावती न देणं ही या कायद्यात 'अनुचित व्यापार प्रथा' आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावून हे सगळं पुसता येत नाही.

शेजारच्या गोव्यातलं एक प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. एका ग्राहकाने शोरूममध्ये २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि त्याच्या वाट्याला आली २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली आणि ओरखडे पडलेली गाडी. तो जिल्हा मंचात गेला, जिंकला. राज्य आणि राष्ट्रीय आयोगातही निकाल टिकला. पुढे टाटा मोटर्स सुप्रीम कोर्टात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टाने कंपनीवरचा ठपका काढला. कंपनी आणि डीलर यांचे व्यवहार वेगवेगळे होते आणि कंपनीने नेमकं काय चुकीचं केलं, हे तक्रारीत दाखवलेलं नव्हतं. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली. म्हणजे सर्वांत मोठं नाव पकडून भांडण्यात अर्थ नाही. आपल्याला कुणी विकलं आणि काय सांगून विकलं, ते मांडावं लागतं.

आपल्याकडे घोडं अडतं ते नेमकं इथंच. आमच्या शेजारच्या काकांनी गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या एका कार बाजारातून जुनी डिझेल गाडी आणली. मीटरवर अडुसष्ट हजार. दोन महिन्यांत काम निघालं म्हणून मी त्यांच्यासोबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, तर तिथल्या जुन्या नोंदीत हीच गाडी दोन वर्षांपूर्वी एक लाख तीस हजारांवर होती. मीटर मागे फिरवलेलं. इतका स्पष्ट पुरावा हाती आल्यावर मला वाटलं, आता केस सोपी. मग आम्ही कागद काढले. आरसी अमरावतीच्या कुण्या मालकाच्या नावाची, ज्यांना काकांनी कधी पाहिलेलं नाही. हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म कोरे, फक्त सह्या केलेले. बयाणा रोख. उरलेले पैसे युपीआयने, तेही कुण्या भाच्याच्या नंबरवर. ज्याने गाडी दाखवली, भाव केला, 'डॉक्टरची गाडी होती' म्हणून सांगितलं, त्याचं नाव अख्ख्या फाइलमध्ये कुठंच नाही! कागदावर हा माणूस अस्तित्वातच नव्हता. केस तरीही करता येते, पण पहिली लढाई त्यानेच गाडी विकली हे दाखवण्याची होते.

मधला माणूस कागदावर न येण्याची ही पद्धत जुनी आहे आणि तिचा चटका मूळ मालकालाही बसतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशी एक गाडी आली होती, जी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे गेली, पण आरसी पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. कॉलेज संपताना ज्युनिअरला बाईक 'देऊन टाकणाऱ्यांनी' हे लक्षात ठेवलेलं बरं.

यावर सरकारने एक चांगला नियम केलाय, ज्याची चर्चा फारच कमी झाली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तसं ऑनलाइन कळवायचं, आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. जबाबदारी त्याची. मधल्या माणसाला कागदावर आणणारा हा नियम आहे. म्हणून गाडीचा दरवाजा उघडायच्याही आधी विचारायचं, "तुमचं आरटीओचं अधिकारपत्र दाखवा." समोरचा हसला तर आपण दुसरीकडे जायचं.

एक भोक मात्र आहे. ओएलएक्सवर किंवा ओळखीतून थेट मालकाकडून गाडी घेतली तर तो व्यापारी नसतो, आणि ग्राहक आयोगाचा रस्ता साधारणपणे बंद होतो. तिथं १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा वस्तुविक्री कायदा. फसवून करार केला असेल तर तो रद्द करता येतो, पण त्यासाठी दिवाणी कोर्ट, वकील आणि वर्षं. हजारो रुपये वाचवायला थेट मालकाकडून घेताना आपण ही सोयही सोडून देतो, हे हिशोबात धरायला हवं.

डीलरकडून घेतली असेल तर वाट तुलनेने सोपी आहे, आणि गावाकडच्यांसाठी २०१९ च्या कायद्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. गाडी नागपुरात घेतली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. एकोडीच्या माणसाने भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, नागपूरच्या चकरा मारायच्या नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघायचा, कधीकधी तेवढ्यानेच समोरचा जागा होतो. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण लांबतात म्हणून जायचंच नाही, यावरच तर बाजाराचा भरवसा आहे.

इकॉनॉमिक्सवाल्यांनी जॉर्ज अकरलॉफ हे नाव ऐकलं असेल. खराब निघणाऱ्या जुन्या गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात, आणि १९७० मध्ये त्याने त्यावरच निबंध लिहिला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मुद्दा असा की गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो आणि मागे उरतो तो कचरा. त्याच निबंधात भारतीय बाजारातल्या तांदळाचाही उल्लेख आहे, ज्यात मुद्दाम त्याच रंगाचे खडे मिसळलेले असतात आणि बायकांना ते निवडत बसावं लागतं. धानाच्या जिल्ह्यातल्या मुलीला हे वाचून हसू आलं आणि रागही आला. खडे निवडायचं काम आपल्याकडे कायम घेणाऱ्याच्याच सुपात!

घरात गाडी शोधायचं काम आता आपणच करतो. बाबा आणि काका फोन आपल्या हातात देतात. तेव्हा जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवायचा, कारण गाडी विकली की जाहिरात गायब होते. किलोमीटर, अपघात, किती हातांची हे प्रश्न फोनवर न विचारता व्हॉट्सॲपवर विचारायचे, म्हणजे उत्तर लेखी मिळतं. मेकॅनिक आपला न्यायचा, त्यांचा नाही. पैसे दुकानाच्याच खात्यात, आणि पावतीवर दुकानाचं नाव, मीटरचा आकडा, गाडीचा नंबर. "पावती कायले पायजे?" असं कुणी म्हटलं तर कायद्यालाच पाहिजे, असं सांगायचं.

आणि एक मागणी भंडाऱ्याच्या आरटीओकडे. जिल्ह्यात जुन्या गाड्या विकायचं अधिकारपत्र कुणाकडे आहे, ती यादी मोठ्या मराठी अक्षरांत दारात लावा आणि ग्रामपंचायतींना पाठवा. चुकाऱ्यांचे पैसे यायच्या आधी.