वसईचें प्रार्थनामंदिर आणि आपली संध्या

वसईच्या किल्ल्यांत सेंट जोसेफचें प्रार्थनामंदिर छपराविना उभें आहे. मनोरा मात्र दुरून दृष्टीस पडतो. इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, १५४६ मध्यें हें मंदिर उभें राहूं लागलें व १६०१ मध्यें तें वाढविण्यांत आलें. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं किल्ला सर केला, आणि वसईच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. ही कथा आपण अभिमानानें सांगतों. परंतु भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें येथेंच राहिलीं व आपला धर्म पाळीत आलीं, हें सांगावयाचें राहून जातें.

त्यांची मुख्य उपासना शतकानुशतकें लॅटिन भाषेंत चाले. अर्थ जाणणारे थोडेच. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेस मुभा दिली, आणि वसईच्या मंदिरांत मराठी घुमूं लागली. तेथीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुबोध बायबल' मराठींत सिद्ध केलें व २०२० मध्यें ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

वाचकहो, आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें; पण संध्येचा अर्थ घरच्या मुलांस कितीसा सांगितला? घंटा आपण आणिली. अर्थ सांगण्याची रीतही आतां वसईकडून घ्यावी.