हिपोक्रिट म्हणजे नट!

हॉस्टेलवर भांडण पेटलं की 'हिपोक्रिट' हा शब्द हमखास ऐकू येतो. अर्थ, ढोंगी. पण मित्रांनो, प्राचीन अथेन्समध्ये 'हिपोक्रितेस' म्हणजे चक्क नट! इ.स.पू. 449 च्या सुमारास तिथल्या नाट्योत्सवात उत्तम नटाला बक्षीससुद्धा सुरू झालं. पुढे पहिल्या शतकात, ग्रीक बायबलमध्ये हाच शब्द भक्तीचा देखावा करणाऱ्यांना लागला आणि लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो शिवी होऊनच.

आपल्या 'सोंगा'चंही तेच. तमाशातल्या सोंगाड्याला टाळ्या, घरी सोंगं केली की बोलणी!

मला वाटतं, दोष सोंगाचा नाही. नटाचं सोंग प्रेक्षकाला माहीत असतं, ढोंग्याचं नसतं. सबमिशनच्या आदल्या रात्री न केलेल्या प्रयोगाची रीडिंग्ज जर्नलमध्ये उतरतात, सकाळी न वाचताच सह्या होतात. इथे विद्यार्थी आणि सर, दोघांनाही नाटक ठाऊक असतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण उद्या याच सवयीने पुलाच्या काँक्रीटचा टेस्ट रिपोर्ट भरला तर? पुलावरून जाणाऱ्याला हे नाटक आहे असं कोण सांगणार?

तेव्हा गॅदरिंगला खुशाल सोंगं आणा. जर्नलमध्ये मात्र नको!